देवघेवीच्या नोंदवहीतले गाव

मित्रहो, गावच्या ग्रंथालयाचा विषय निघाला की पुस्तके किती, कपाटे किती, इमारत स्वतःची की भाड्याची, हेच प्रश्न आधी विचारले जातात. अनुदानासाठी ते विचारावेच लागतात. महाराष्ट्रात १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम झाला आणि त्याखालील नियमांप्रमाणे ग्रंथालयाला अ, ब, क, ड असा दर्जा मिळतो. परंतु बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी अनेक वर्षे ग्रंथपाल म्हणून काम केले, आणि वाचनालय गावाच्या जगण्यात कुठवर पोहोचले आहे हे मला आलेल्या पुस्तकांच्या दाखल नोंदवहीपेक्षा, कोणते पुस्तक कुणाच्या नावावर गेले हे लिहिण्याच्या देवघेवीच्या नोंदवहीने अधिक सांगितले.

एक उदाहरण देतो. सातवीतला एक मुलगा दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की येई आणि जाड ऐतिहासिक कादंबरी घेऊन जाई. पुढच्या शनिवारी ती परत येई, पानाच्या कोपऱ्याला हळदीचे बोट लागलेले असे, आणि दुसरी जाई. मला त्याचे फार कौतुक वाटे. एकदा सहज गोष्ट विचारली, तर त्याला काहीच सांगता येईना. शेवटी म्हणाला, "सर, मी न्हाई वाचत, आई वाचती." पारावरून, पुरुषांच्या घोळक्यासमोरून वाचनालयात येणे तिला अवघड वाटत होते, म्हणून पुस्तक मुलाच्या नावावर जात होते. मग मी जुनी पाने उलटून पाहिली. अशी सातआठ नावे निघाली. गावात बायका वाचत नाहीत असे आम्ही संचालक मंडळाच्या बैठकीत वर्षानुवर्षे म्हणत आलो होतो, आणि आमची नोंदवहीच त्याच्या विरुद्ध साक्ष देत होती. त्यानंतर आम्ही आठवड्यातून एक दुपार पिशवीत पुस्तके घालून घरोघर जाऊ लागलो आणि सभासद म्हणून त्या बायांचीच नावे लिहू लागलो.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी घरे कुलूपबंद होतात. कोयता घेऊन निघालेली टोळी उन्हाळ्यापर्यंत परतत नाही, आणि ज्या मुलांना मागे ठेवायला आजी-आजोबा नाहीत ती मुलेही टोळीबरोबर जातात. पुस्तक पंधरा दिवसांत परत करावे, हा आमचा नियम अशा घरांसाठी केलेलाच नव्हता. एका वर्षी आम्ही मुलांची दहा पुस्तके फडक्यात बांधून एका टोळीबरोबर दिली. चैत्रात गठडे परत आले तेव्हा त्यात आठ पुस्तके होती. एकाला पाचटाचा वास होता, एकाची पाने रसाने चिकटलेली होती. तपासणीच्या वेळी मला परत न आलेल्या दोन पुस्तकांचा जाब द्यावा लागला आणि मी तो भरपाईसह दिला. तरीही कपाटात कोऱ्या राहिलेल्या पुस्तकांपेक्षा त्या आठ पुस्तकांचा उपयोग झाला, असे माझे ठाम मत आहे.

मराठवाड्यात वाचनालयाचा अर्थ पूर्वीपासूनच मोठा आहे. निजामी राजवटीत कारभार आणि उच्च शिक्षण उर्दूत होते, आणि 'गश्ती निशाण ५३' या फर्मानामुळे जाहीर सभेला परवानगी लागत असे. अशा काळात लोकांना एकत्र बसण्यासाठी ज्या थोड्या जागा उरल्या, त्यांत वाचनालय होते. तेथे एकजण वर्तमानपत्र मोठ्याने वाची आणि इतर ऐकत, अगदी श्रावणातल्या पोथीसारखे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती बंधने गेली, पण ऐकण्याची रीत आमच्याकडे अजून आहे. सकाळी सोयाबीनचा भाव आणि पीकविम्याची बातमी कुणीतरी वाचतो, चष्मा नसलेले म्हातारे ऐकतात आणि त्यावर बोलणे होते. कुठल्या आळीतला माणूस कुठे बसला आहे, हे तेथे कुणी पाहत नाही. गावात अशी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

हल्ली भरतीची तयारी करणाऱ्या मुलांमुळे अभ्यासिका भरलेल्या असतात. ते चांगलेच आहे. परंतु अभ्यासिकेची गर्दी दाखवून देवघेव ओस पडल्याचे झाकले जाऊ नये. ती चालू ठेवायची तर पिशवी घेऊन घरोघर जाणारा माणूस हवा, आणि नेमके त्याच माणसाचे मानधन शेतमजुराच्या रोजापेक्षाही कमी पडते. त्यात २०१२ नंतर अनेक वर्षे नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि जुन्यांना दर्जावाढ मिळणे बंद राहिले. ज्या वाडीत तेव्हा ग्रंथालय नव्हते, तेथली एक अख्खी पिढी ग्रंथालयाशिवाय वाढली.

म्हणून येथे जमलेल्या संचालक मंडळींना माझी विनंती आहे की उद्या आपापल्या गावी गेल्यावर देवघेवीची नोंदवही उघडावी, मुलांच्या नावावर कोणती पुस्तके गेली आहेत ते पाहावे, आणि एकदा त्यांच्या घरी जाऊन यावे.