बेथेल : एका मुक्कामाची दोन नावं

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे बेथेलबद्दल. जेरुसलेमच्या उत्तरेला साधारण 17 किलोमीटरवर, डोंगरमाथ्यावर बैतीन नावाचं गाव आहे. एडवर्ड रॉबिन्सन या अभ्यासकाने 1838 मध्ये हेच जुनं बेथेल असं ओळखलं, आणि बहुतेक संशोधक आजही ते मानतात. 'बेथ' म्हणजे घर, 'एल' म्हणजे देव. अर्थ इतका सरळ आहे की पुष्कळजण तिथेच थांबतात. पण तनखमध्ये, म्हणजे यहुदी शास्त्रात, याच गावाला नंतर एक शिवीवजा नावही पडलं. दोन्ही नावं एकत्र धरली तरच बेथेल कळतं.

कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या. तोरा म्हणजे तनखमधली पहिली पाच पुस्तकं; त्यातलं पहिलं पुस्तक, अध्याय 28, वचनं 10 ते 22. इस्राएली लोकांचा पूर्वज याकोब भावाच्या रागापासून जीव वाचवत बैरशेबाहून हारानकडे निघालाय. सूर्य मावळतो, तो उशाला दगड घेऊन झोपतो आणि स्वप्नात जमिनीवर उभी, टोक आभाळाला टेकलेली शिडी बघतो. आता एक शब्द मोजा : 'माकोम', म्हणजे जागा. मूळ हिब्रूत तो या उताऱ्यात 6 वेळा येतो, त्यातला 3 वेळा एकट्या 11व्या वचनात. भाषांतरात कधी 'ठिकाण', कधी 'स्थळ', कधी नुसतं 'तेथे' असं होतं आणि ही पुनरुक्ती हरवते. गंमत अशी की आपला 'मुक्काम' हा शब्द अरबीतून आला आणि तो अरबी शब्द नि हिब्रू 'माकोम' एकाच धातूचे. याकोबाने मुक्काम केला, असं मराठीत म्हटलं की मूळ शब्दाच्या अगदी जवळ जातो आपण.

रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, या शब्दावरच बोट ठेवलं, कारण पुढे 'माकोम' हे देवाचंही एक नाव झालं. असं का, हे बरेशीत रब्बा हा मिद्राश, म्हणजे शास्त्रावरचा जुना भाष्यग्रंथ, याच वचनापाशी विचारतो आणि सांगतो : देव जगाची जागा आहे, जग त्याची जागा नव्हे. तालमूद, म्हणजे रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ, आणखी पुढे जातं. 'जागेला भिडला' या क्रियापदात त्याला प्रार्थना ऐकू येते, म्हणून मआरीव ही संध्याकाळची प्रार्थना याकोबाच्या नावावर आहे. सूर्य मावळलेला, रस्ता परका, अशा वेळची प्रार्थना.

शिडीसाठी वापरलेला 'सुल्लाम' हा शब्द अख्ख्या तनखमध्ये इथे एकदाच येतो. हिब्रूत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. या शब्दाच्या अक्षरांची बेरीज करा : सामेख 60, लामेद 30, मेम 40. एकूण 130. 'सीनाय' या शब्दाची बेरीजही 130, म्हणून मिद्राश शिडीला सीनाय पर्वताशी जोडतो. इथे एक चूक सर्रास होते. सामेखनंतर वाव घालून शब्द लिहिला की बेरीज 136 होते आणि हिशेब बसत नाही. तोरातलं वाव नसलेलंच रूप घ्यायचं. देवदूत आधी 'चढत' होते, मग 'उतरत', हाही क्रम मुद्दाम पाहा. राशी हा मध्ययुगीन यहुदी भाष्यकार म्हणतो, इस्राएल देशातले दूत देशाबाहेर जात नाहीत, म्हणून ते वर गेले आणि परदेशात सोबत करणारे खाली आले. शिडी म्हणजे आत्म्याची चढण असं सांगणारी प्रवचनं खूप ऐकू येतात, पण राशीला ती सरहद्दीवरची पाळीबदल दिसते. मला हे वाचन जास्त घट्ट वाटतं.

सकाळी याकोब उशाचा दगड उभा करतो, माथ्यावर तेल ओततो, लूज या गावाला बेथेल म्हणतो आणि मिळेल त्याचा दहावा हिस्सा देईन असा नवस बोलतो. नवसात 'दशांश देणे' हे क्रियापद दुहेरी आलंय. त्यावरून तालमूदने दानाची वरची मर्यादा काढली : दोन दशांश, म्हणजे 20 टक्के, त्याहून जास्त वाटून स्वतः कंगाल होऊ नये. दगडाचं मात्र पुढे बिनसलं. तोराच्या 'अनुवाद' नावाच्या पाचव्या पुस्तकात असा स्तंभ उभारायला साफ मनाई आहे. राशीचं उत्तर : पूर्वजांच्या काळी तो देवाला प्रिय होता, कनानी लोकांनी त्याची मूर्तिपूजा केल्यावर नकोसा झाला.

बेथेल गावाचंही नेमकं तेच झालं. इस्राएलचं राज्य फुटल्यावर उत्तरेचा राजा यराबामने प्रजेला जेरुसलेमला जाऊ द्यायचं नाही म्हणून दान नावाच्या गावी आणि बेथेल इथे सोन्याची दोन वासरं बसवली, लेवी या पुरोहितांच्या वंशातले नसलेले पुजारी नेमले आणि सण ठरवला आठव्या महिन्याच्या 15 तारखेला. खरा सुक्कोथ, म्हणजे मांडवांचा सण, सातव्या महिन्याच्या 15ला असतो. सगळं हुबेहूब, फक्त एक महिना सरकवलेलं! पुढे आमोस हा संदेष्टा म्हणाला, बेथेलचं 'आवेन' होईल. आवेन म्हणजे पोकळ, पापी, व्यर्थ. होशेय हा दुसरा संदेष्टा तर सरळ 'बेथ-आवेन' म्हणतो. यहोशवाच्या पुस्तकात बेथ-आवेन हे बेथेलशेजारचं वेगळं गाव आहे, तेव्हा नकाशा घेऊन बसणाऱ्यांनी दोन्हींची गल्लत करू नये. शेवटी योशीया राजाने तिथली वेदी फोडली.

आपल्याकडे पनवेल आणि रेवदंड्याच्या सिनेगॉगांचं नाव 'बेथ एल' आहे. कोकणात एके काळी तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या, म्हणून शनवार तेली म्हटल्या गेलेल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाची ही प्रार्थनाघरं.

याकोबाच्या स्वप्नाचा हा भाग सिनेगॉगात 'वय्येत्से' या नावाने साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात वाचतात. त्यात 148 वचनं आहेत आणि मध्ये एकही परिच्छेद तुटत नाही. त्यानंतर सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या यहुद्यांच्या, प्रथेत होशेयचा 11:7 ते 12:12 हा भाग येतो. त्यात 12:5 शोधा; ख्रिस्ती छपाईच्या मराठी बायबलमध्ये ते 12:4 असेल. याकोबाविषयी तिथे म्हटलंय, बेथेलमध्ये तो त्याला भेटेल. बेथ-आवेन म्हणणारा होशेय तो हाच.