सिंहाचा भाव दीड लाख

मंडळी, पत्रिकेवर विषय ‘रोमन जगातले सिंह’ असा छापलाय, त्यामुळे बरेच जण कोलोसियम, म्हणजे रोममधला तो प्रचंड आखाडा, बघायच्या तयारीनं आलेत हे मला इथून दिसतंय. तिथं आपण जाऊ, पण फार वेळ थांबायचं नाही. आखाड्यात सिंह दिसायचा तो घटकाभर. त्याआधी कित्येक आठवडे, कधी महिने, तो पिंजऱ्यात असायचा. कधी बैलगाडीवर, कधी जहाजात, तर कधी कुठल्याशा गावाच्या वेशीबाहेर. रोमचं राज्य नेमकं कसं चालायचं, ते आखाड्यापेक्षा या पिंजऱ्याच्या मागं चालत गेलं की जास्त कळतं.

सुरुवात एका पत्रव्यवहारानं करतो. इ.स.पू. ५१ मध्ये सिसेरो, तोच प्रसिद्ध वक्ता, सिलिसिया प्रांताचा सुभेदार म्हणून गेला. म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा दक्षिण भाग. मनाविरुद्धच गेला होता, तो भाग वेगळा. इकडे रोममध्ये त्याचा तरुण मित्र कीलियस रुफस ‘एदिल’ म्हणून निवडून आला. एदिलकडे बाजार, रस्ते आणि लोकांसाठीचे खेळ. खेळांना पदरचा पैसा ओतायचा आणि लोकांच्या लक्षात राहायचं, म्हणजे पुढच्या निवडणुकीची सोय होते. तर हा कीलियस एकामागून एक पत्रं धाडतोय: बिबटे पाठव. पातिस्कस नावाच्या माणसानं कुरिओ या दुसऱ्या पुढाऱ्याला दहा पाठवलेत, तू त्याच्या कितीतरी पट पाठवायला हवेस, नाहीतर लाज तुझीच जाईल. तुला फक्त हुकूम सोडायचाय. खाऊ घालायला आणि आणायला माणसं माझी आहेत.

सिसेरोचं उत्तर मजेदार आहे. शिकारी कामाला लावलेत, तो लिहितो, पण बिबटे फार कमी झालेत. आणि जे उरलेत त्यांची तक्रार आहे म्हणे की या प्रांतात आमच्याखेरीज कुणासाठीच सापळे लावले जात नाहीत. म्हणून त्यांनी प्रांत सोडून शेजारच्या कारियात जायचं ठरवलंय! विनोदाच्या आडून स्वतःच्या स्वच्छ कारभाराची टिमकीही वाजवून घेतली. पण त्याच सुमाराला अत्तिकस या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सरळ बोलतो: माझ्या हुकमानं माझ्या प्रांतातल्या किबिरा गावच्या लोकांनी शिकारीला निघावं, हे माझ्या नावाला शोभणारं नाही. आता कळलं? ‘बिबटे पाठव’ याचा अर्थ ‘गावकऱ्यांना वेठीला धर’. रोममध्ये मतं मागायची एकानं, आणि रान तुडवायचं किबिराच्या शेतकऱ्यानं.

पुढं सम्राट आले आणि हे काम बरंचसं सैन्याकडं गेलं. जर्मनीतल्या कोलोनमध्ये एका शतकाधिपतीनं, म्हणजे शंभरेक जवानांच्या नायकानं, शिकारीच्या डायना देवीला वाहिलेला शिलालेख सापडलाय. काय म्हणतो? सहा महिन्यांत पन्नास अस्वलं पकडली. लढाई जिंकल्याच्या थाटात लिहिलंय. इ.स. १४७ मध्ये आजच्या बल्गेरियात मोंताना इथं एका अधिकाऱ्याच्या हाताखाली तुकडी देऊन त्याला अस्वलं आणि रानगवे धरायला पाठवल्याचीही नोंद दगडावर आहे. सरहद्दीवरचे जवान रोममधल्या सुट्टीच्या दिवसासाठी अस्वलांमागं धावतायत.

सिंह धरायची एक रीत ग्रीक कवितेत वर्णन केलेली आहे. गोल, खोल खड्डा खणायचा. मधोमध खांब, खांबाच्या टोकाला कोकरू बांधायचं. खड्ड्याभोवती दगडी भिंत रचायची, म्हणजे पलीकडे काय आहे ते सिंहाला दिसू नये. रात्री कोकरू ओरडतं, भुकेला सिंह भिंतीवरून झेप घेतो तो थेट खड्ड्यात. मग वरून दोरांनी पिंजरा खाली सोडायचा, आत भाजलेलं मांस ठेवलेलं. उपाशी सिंह आपल्या पायांनी पिंजऱ्यात जातो. मला या वर्णनातलं ते भाजलेलं मांसच सगळ्यात जास्त खटकतं.

आता भाव. इ.स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लिशियननं महागाईला आळा घालायला वस्तूंचे कमाल दर ठरवून दिले. गहू, जोडे, न्हाव्याची मजुरी, सगळं त्यात आहे, आणि सिंहही आहे. पहिल्या प्रतीचा आफ्रिकी सिंह, दीड लाख देनारियस. आपल्या जुन्या ग्रंथांतला ‘दीनार’ हा शब्द या देनारियसवरूनच आला. त्याच दरपत्रकात शेतमजुराला दिवसाला जेवण आणि पंचवीस देनारियस आहेत. म्हणजे एका सिंहामागं सहा हजार दिवसांची मजुरी, सोळा वर्षांहून जास्त. आणि सिंहाला ‘दुसरी प्रत’ही होती बरं का.

हे पुढचं चित्र जरा मोठं करा. ट्युनिशियातल्या स्मिरात गावी निघालेली ही मोझेक फरशी, तिसऱ्या शतकातली. चार शिकारी, चार बिबटे. बिबट्यांचीही नावं लिहिलीत: विक्टर, क्रिस्पिनस, रोमानस, लक्झुरियस. एका बिबट्याच्या छातीत भाला घुसलाय, रक्ताची धार खडे लावून काढलीय. पण नजर मधल्या पोराकडं न्या. हातात तबक, तबकात चार थैल्या, प्रत्येकीवर हजाराची खूण. बाजूला मजकूर आहे: टेलेगेनी या शिकाऱ्यांच्या मंडळीला दर बिबट्यामागं पाचशे मिळावेत, अशी पुकारणाऱ्यानं विनंती केली. मागेरियस या यजमानानं दुप्पट दिले. लोक ओरडतायत: याला म्हणतात पैसा, याला म्हणतात ऐपत! घरमालकानं आपली पावती फरशीवर जडवून घेतली आणि आल्यागेल्याला तिच्यावरून चालवलं. लग्नाचे अल्बम पाहुण्यांपुढं ठेवणारी आपण माणसं, आपण कशाला हसायचं.

पकडलं, भाव ठरला, आता वाट. इ.स. ४१७ चा एक कायदा आहे, सिरियातल्या हिएरापोलिस शहराच्या तक्रारीवरून केलेला. राजधानीकडं जाणारी जनावरं घेऊन सरकारी माणसं या शहरात आठवडाभर थांबायची, ती तीन-तीन चार-चार महिने ठिय्या देऊ लागली. जनावरांचं खाणं गावानं द्यायचं, वर पिंजरेही गावानंच करून द्यायचे. शेवटी सम्राटांना फर्मान काढावं लागलं, सात दिवसांवर मुक्काम नाही. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, ४१४ मध्ये, दुसरा कायदा झालेला: सिंह मारला तर कुणावर खटला नाही, कारण आमच्या करमणुकीपेक्षा प्रजेचा जीव मोठा. चांगलं आहे, पण याचा अर्थ, तोवर सिंह मारणाऱ्या माणसाला खटल्याचं भय होतं.

आणि एवढं करून जनावर पोचायचंच असं नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीला सिम्माकस नावाचा धनाढ्य सरदार मुलाच्या पदग्रहणाचे खेळ ठरवत होता. त्याची पत्रं वाचावीत: अस्वलं आली, पण मोजकीच पिल्लं, तीही उपासमारीनं आणि प्रवासानं खंगलेली. मगरी आणल्या, तर त्यांनी पन्नास दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. बऱ्याचशा खेळात मारल्या. पाहुण्यांसाठी दोन राखून ठेवल्या, पण त्याही जगतील असं त्याला वाटत नव्हतं.

बंदरावरची एक गोष्ट प्लिनी या रोमन लेखकानं सांगितलीय. पासितेलेस हा शिल्पकार आफ्रिकेतून आलेली जनावरं उतरवतात त्या धक्क्यावर बसून, गजांतून सिंहाकडं बघत त्याची प्रतिमा कोरत होता. तेवढ्यात बाजूच्या पिंजऱ्यातून बिबट्या सुटला. शिल्पकार थोडक्यात वाचला. सिंहाकडं इतकं निरखून बघायला बसलेला तेवढा एकच माणूस मला या सगळ्या कागदपत्रांत भेटला, आणि त्याचीही ही गत.

कोलोसियमचे आकडे तुम्ही ऐकलेच असतील. इ.स. ८० च्या उद्घाटनाला नऊ हजार जनावरं मारली; सम्राट ट्रेजननं डाशियाच्या, म्हणजे आजच्या रोमानियाकडच्या, विजयानंतर १२३ दिवसांत अकरा हजार. हे आकडे देणारा इतिहासकार कॅसियस डिओच सीझरच्या खेळांबद्दल लिहिताना म्हणतो, की अशा वेळी सगळेच फुगवून सांगतात. तेव्हा निम्मे धरा. निम्मेही भयंकरच आहेत. मात्र उत्तर आफ्रिकेतला सिंह रोमनांनी संपवला असं कुणी ठोकून दिलं, तर मान डोलावू नका. तो विसाव्या शतकापर्यंत होता. त्याला संपवलं बंदुकीनं.

आपल्याकडचं काय, हा प्रश्न येणारच. इ.स.पू. २० च्या सुमाराला सामोस बेटावर हिंदुस्थानातून आलेल्या वकिलातीनं सम्राट ऑगस्टसला वाघ नजर केले. रोमनांनी वाघ पाहिला तो तेव्हा पहिल्यांदा, असं डिओ सांगतो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी वहीत भडोचच्या खालच्या मुलखाला ‘दखिनाबादेस’, म्हणजे आपला दक्षिणापथ, म्हटलंय. त्यात पैठण आणि तेर आहे, कल्याण-सोपारा आहे, आणि आतल्या डोंगरांत बिबटे, वाघ, हत्ती, अजस्र साप, तरस आणि नाना प्रकारची माकडं आहेत. पण भडोचहून जाणाऱ्या मालाची यादी बघितली तर पिंपळी, हस्तिदंत, गोमेद, सुती कापड. वाघ नाही. रोमच्या जकातीच्या एका यादीत मात्र पिंपळी, जटामांसी, मोती यांच्या पंगतीलाच हिंदुस्थानी खोजे, म्हणजे खच्ची केलेले गुलाम, आणि त्यांच्या पाठोपाठ सिंह, सिंहिणी, बिबटे. माणूस आणि जनावर एकाच ओळीत, जकात भरून पुढं.

एक चिठ्ठी आलीय: ख्रिश्चनांना सिंहापुढं टाकायचे ते खरं का? टाकायचे. आजच्या ट्युनिशियातल्या कार्थेज शहरचा ख्रिश्चन लेखक तेर्तुलियन चिडून लिहितो की रोमच्या तिबेर नदीला पूर आला, नाईलला नाही आला, तरी आरोळी एकच: ख्रिश्चनांना सिंहापुढं! वर तोच विचारतो: अहो, एवढ्या सगळ्यांना एका सिंहापुढं? पण त्याच कार्थेजमध्ये इ.स. २०३ च्या मार्चमध्ये पेर्पेतुआ ही ख्रिश्चन तरुणी आणि तिच्या सोबत्यांना आखाड्यात आणलं, त्याची हकिकत टिकून आहे, आणि तिच्यात सिंह नाहीच. बायकांसाठी रानगाय होती. सोबत्यांपैकी सातुरुसला रानडुकराला बांधलं, तर डुकरानं त्याला आणणाऱ्या शिकाऱ्यालाच सुळे मारले. मग त्याला अस्वलासाठी ओट्यावर बांधून ठेवलं. पिंजऱ्याचं दार उघडलं. लोक वाट बघतायत. अस्वल बाहेर यायलाच तयार नाही. सातुरुसला दुसऱ्यांदा, अंगावर ओरखडाही नसताना, परत आत नेलं.