गाडी का बंद पडली?

(दृश्य: साताऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेची कार्यशाळा. मधल्या स्टँडवर जुनी मोटारसायकल, भोवती ऑटोमोटिव्ह म्हणजे गाडी दुरुस्तीचा विषय घेतलेली नववीची मुलं-मुली.)

किक मारून मारून पाय दुखले, तरी गाडी चालू होत नाही. बिघाड सरांनीच करून ठेवलाय, आणि ते काही सांगणार नाहीत.

एक मुलगी स्पार्क प्लग काढते. टोक बोटाला कोरडं लागतं. प्लग पुन्हा कॅपमध्ये बसवून ती इंजिनाच्या धातूला टेकवते, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येऊ शकते. एक मुलगा किक मारतो. निळी ठिणगी पडते. म्हणजे करंट आहे, पेट्रोल पोचत नाही. टाकीत पेट्रोल आहे, कॉकही चालू आहे. मग पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्ब्युरेटर उघडायचा. त्याच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, कचरा अडकलेला सापडतो.

पाना फिरवणं लवकर जमतं. कुठे बघायचं आणि कुठे बघायची गरज नाही, हे ठरवायला डोकं लागतं. गॅरेजमध्ये हाताखाली राहिलेल्या पोराला वर्षभर "दहा-अकराचा पाना दे" एवढंच ऐकू येतं. मेस्त्री वाईट नसतो, पण दारात गिऱ्हाईक उभं असतं. 'का' विचारायला सवड शाळेत मिळते.

(दृश्य: मल्टिमीटर लावून बॅटरी तपासणारे हात.)

ही सवड आता फार गरजेची आहे. 1 एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. त्याच्या जागी पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, सेन्सर आणि त्यांना हुकूम देणारा छोटा संगणक आला. नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखणारा कान आता पुरत नाही. व्होल्टेज मोजावं लागतं, वायर कुठे तुटली ते शोधावं लागतं. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला ओहमचा नियम इथे कामाला येतो.

अभ्यासक्रम सरकारमान्य आहे. ऑटोमोटिव्ह हा विषय नववीपासून घेता येतो आणि पुढे आयटीआयची वाट खुली असते: मोटार मेकॅनिक 2 वर्षं, डिझेल मेकॅनिक 1 वर्ष.

तरी घरातून प्रश्न येतोच: "गॅरेजातच घालायचं होतं, तर शाळेत कशाला घातलं?"

हा प्रश्न साताऱ्यात तरी विचारला जाऊ नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, ती हातांनी काम करत शिकण्याच्या भरवशावर. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' असं ते म्हणत. साताऱ्यातल्याच कारखान्यातून 'प्रिया' स्कूटर बाहेर पडत होती, आणि कितीतरी घरांत ती पहिली गाडी होती. हातकाम म्हणजे मागे पडलेल्यांचं काम, ही समजूत या मातीतली नाही. मघाशी प्लग काढणाऱ्या मुलीने जे केलं, तो तर्कशास्त्राचाच धडा आहे.

(दृश्य: कोपऱ्यातली दुसरी जुनी गाडी, उघडं इंजिन.)

अडचण वेगळी आहे. इथल्या दोन्ही गाड्या कार्ब्युरेटरच्या आहेत. मुलं शिकतात त्या गाडीवर, आणि उद्या दुरुस्त करायची ती दुसरीच. शहरातल्या शोरूमवाल्यांनो, अपघातात मोडलेली एखादी इंजेक्टरची गाडी आणि तिच्या संगणकातून बिघाड वाचणारा जुना स्कॅनर आपल्या जवळच्या शाळेला द्या. चाकं वाकलेली असली तरी चालतील. वायरिंग मात्र शाबूत हवं.