माग लागतो, पण माल मिळतो का?

नमस्कार मंडळी. आज चोरीला गेलेल्या क्रिप्टोबद्दल बोलायचंय. वॉलेटमधून, म्हणजे क्रिप्टो ठेवायच्या डिजिटल पाकिटातून, कॉइन गेले तर ते कुठे गेले हे कळतं का, आणि कळलं तर परत मिळतात का. हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत, पण ज्याचे पैसे गेलेत तो माणूस घाबरलेला असतो आणि त्याला दोन्ही एकच वाटतात. म्हणून आधीच सांगून ठेवतो, माग लागणं वेगळं आणि माल मिळणं वेगळं. परत सांगतो, माग लागणं वेगळं, माल मिळणं वेगळं.

आता एका मांजराची गोष्ट सांगतो. ही मी आजवर इतक्या जणांना सांगितलीय की घरचे मला थांबवतात, पण रेडिओवर कोण थांबवणार.

जानेवारी २०२२, न्यूयॉर्कमधलं मॅनहॅटन. इल्या लिक्टेनस्टाइन आणि हेदर मॉर्गन या नवराबायकोच्या फ्लॅटवर तपास अधिकारी झडतीचं वॉरंट घेऊन आले. दोघं म्हणाले की झडती होईपर्यंत आम्ही बाहेर थांबतो, फक्त आमचं मांजर सोबत नेतो. मांजर जाऊन बसलेलं पलंगाखाली. मग हेदरबाई पलंगाशेजारी उकिडव्या बसल्या, मांजराला हाका मारायला लागल्या, आणि हाका मारता मारता त्यांचा हात गेला पलंगाजवळच्या टेबलावरच्या फोनकडे. त्या फोनचं लॉकचं बटण दाबायला लागल्या, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेवटी अधिकाऱ्यांना तो फोन त्यांच्या हातातून ओढून घ्यावा लागला. हे सगळं कोर्टाच्या कागदात लिहिलेलं आहे, मी पदरचं काही घालत नाहीये. त्याच पलंगाखाली एक प्लास्टिकची पिशवी सापडली, तिच्यावर चक्क लिहिलेलं होतं बर्नर फोन, म्हणजे वापरून फेकून द्यायचे फोन. आणि घरात अशी पुस्तकं होती की ज्यांची पानं आतून कापून खण केलेला.

आता हे लोक कोण, तर त्यासाठी सहा वर्षं मागे जाऊ. ऑगस्ट २०१६ मध्ये बिटफायनेक्स नावाच्या क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजारात, कुणीतरी शिरलं आणि दोन हजारांच्या वर ट्रान्झॅक्शन करून १,१९,७५४ बिटकॉइन बाहेर काढले. एवढे सगळे कॉइन गेले एका वॉलेटमध्ये. त्या वेळच्या भावाने ती रक्कम साधारण ७ कोटी २० लाख डॉलर होती. आणि गंमत म्हणजे चोरी झाली त्या दिवसापासून ते कॉइन कुठे आहेत हे अख्ख्या जगाला माहीत होतं. हे सगळे व्यवहार ज्यात नोंदले जातात ती ब्लॉकचेन म्हणजे शेवटी एक वहीच आहे, उघडी ठेवलेली, कुणीही वाचावी अशी, आणि तिच्यातली ओळ कुणालाही खोडता येत नाही. पत्ता म्हणजे इथे वॉलेटचा नंबर. या पत्त्यावरून त्या पत्त्यावर इतके गेले, अमुक तारखेला, अमुक वेळेला. फक्त पत्त्यापुढे माणसाचं नाव लिहिलेलं नसतं. तिजोरी काचेची, आतला माल सगळ्यांना दिसतोय, पण किल्ली कुणाकडे आहे ते माहीत नाही, अशी अवस्था. आणि ती अवस्था पाच वर्षांच्या वर राहिली.

बरेचसे कॉइन तर हललेच नाहीत. पण २०१७ च्या जानेवारीपासून त्यातले साधारण २५,००० बिटकॉइन थोडे थोडे करून निघायला लागले. छोटे छोटे तुकडे, हजारो ट्रान्झॅक्शन, खोट्या नावाने उघडलेली खाती. काही कॉइन अल्फाबे नावाच्या डार्कनेट बाजारात, म्हणजे इंटरनेटवरच्या छुप्या बाजारात, घालून दुसऱ्या दाराने बाहेर काढले, म्हणजे मधला धागा तुटावा. काही बिटकॉइनचे दुसरे कॉइन करून घेतले, काहींचं सोनं घेतलं. विचार करा, किती मेहनत ही. मला खरंच वाटतं की एवढी चिकाटी या माणसाने कुठल्याही सरळ धंद्यात लावली असती तर नाव काढलं असतं.

आणि एवढं सगळं करून धागा कुठे सापडला? गिफ्ट कार्डात! मे २०२० मध्ये एका एक्स्चेंजवरच्या खात्यातून त्यांनी वॉलमार्टचं ५०० डॉलरचं गिफ्ट कार्ड घेतलं. खात्याला ईमेल दिलेला रशियातला, पण ते ज्या आयपी अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या ज्या ठिकाणावरून, वापरलं तो न्यूयॉर्कमधल्या क्लाउड कंपनीचा, आणि तिथे खातं लिक्टेनस्टाइनच्या नावाचं. आणि ते कार्ड वापरलं आयफोनवरच्या अ‍ॅपमधून, हेदरबाईंच्या स्वतःच्या नावाने, त्यांच्या स्वतःच्या ईमेलवरून, आणि सामान मागवलं स्वतःच्या घरच्या पत्त्यावर. कोट्यवधी डॉलरचा माल लपवणाऱ्यांनी घरसामानासाठी खरा पत्ता दिला. पण द्यावाच लागतो ना, खोक्यातली वस्तू दाराशी यायची तर दार खरंच लागणार.

मला ही गोष्ट याच जागेसाठी आवडते. वहीत नाव नसतं, पण त्या वहीतून बाहेर यायचं तर एखाद्या दाराशी नाव सांगावंच लागतं.

पुढे काय झालं ऐका. अधिकाऱ्यांकडे नवऱ्याच्या क्लाउड स्टोरेजमधली एक फाइल होती, कुलूपबंद, एन्क्रिप्ट केलेली. झडतीनंतर काही आठवड्यांनी, ३१ जानेवारीला ती उघडली. आत यादी. जवळजवळ दोन हजार पत्ते आणि त्यांच्यासमोर त्यांच्या प्रायव्हेट की. म्हणजे त्या काचेच्या तिजोरीची किल्ली ऑनलाइन फाइलमध्ये पडून होती. ९४,००० च्या वर बिटकॉइन सरकारने त्या किल्ल्यांनी जप्त केले, त्या दिवसाच्या भावाने ३६० कोटी डॉलरचे. ८ फेब्रुवारीला दोघांना अटक. पुढच्या वर्षी दोघांनी गुन्हा कबूल केला, हॅक मीच केला हे नवऱ्याने तेव्हा मान्य केलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला पाच वर्षांची आणि तिला अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

इथे जरा विषय सोडून बोलतो. क्रिप्टो चोरीची बातमी आली की टीव्हीवर तेच चित्र दाखवतात, अंधारी खोली, डोक्यावर टोपी ओढलेला पोरगा, स्क्रीनवर हिरवी अक्षरं. हे चित्र बंद करा असं मला मनापासून सांगायचंय. त्या चित्रामुळे लोकांना वाटतं चोर म्हणजे कुणी अद्भुत प्राणी आहे, त्याच्यापुढे आपलं काय चालणार, आणि ते तक्रारच करत नाहीत. चोर माणूस आहे. त्याला मांजर आहे, त्याला घरसामान लागतं, तो पिशवीवर लेबल लावतो. असो.

आता या गोष्टीचा जो भाग कुणी फारसा सांगत नाही तो सांगतो, कारण आपला प्रश्न तोच आहे. माल तर मिळाला, पण मिळाला कुणाला?

२०१६ मध्ये चोरी झाली तेव्हा बिटफायनेक्सने तोटा सगळ्या ग्राहकांवर वाटून टाकला. प्रत्येकाच्या खात्यातले साधारण ३६ टक्के कापले, ज्यांच्याकडे बिटकॉइन नव्हते त्यांचेही कापले. बदल्यात दिली टोकन, म्हणजे कंपनीच्या डिजिटल चिठ्ठ्या, एक डॉलर तोट्याला एक टोकन. २०१७ च्या एप्रिलपर्यंत कंपनीने ती टोकन पूर्ण भावाने परत घेतली किंवा त्याबदल्यात शेअर दिले. पण मधल्या काळात ज्यांना पैशाची नड होती त्यांनी ती टोकन पडेल भावात विकलेली. आणि ज्यांना पूर्ण डॉलर मिळाले ते म्हणणार की अहो माझा बिटकॉइन गेला होता, डॉलर नाही, बिटकॉइन आज कुठे पोचलाय बघा. त्यांचं चुकतंय असं मला तरी म्हणवत नाही. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने ते जप्त बिटकॉइन बिटफायनेक्सला परत करायचा आदेश दिला. चोरी २०१६ ची, आदेश २०२५ चा. साडेआठ वर्षं. म्हणून म्हणतो, माग लागणं वेगळं, माल मिळणं वेगळं, आणि मालकाच्या हातात पडणं हे तर आणखी तिसरंच.

वेळ बघता बघता गेला, तर बाकीचं पटापट सांगतो.

माग कसा काढतात? बिटकॉइनमध्ये एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चार पत्त्यांवरचे कॉइन एकत्र खर्च झाले तर ते चारही पत्ते बहुतेक एकाच्याच हातात असतात. असे पत्ते जोडत जोडत एक झुंड तयार होते, आणि त्या झुंडीतला एक जरी पत्ता एखाद्या एक्स्चेंजला जाऊन लागला तर तिथे केवायसी असतं, नाव, फोटो, ओळखपत्र. मग पोलीस किंवा कोर्ट त्या एक्स्चेंजला विचारू शकतं, खातं गोठवायला सांगू शकतं. तुम्ही आम्ही विचारलं तर एक्स्चेंज नाव सांगणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

गोठवणं कुठे जमतं आणि कुठे नाही, हे नीट ऐका. साधा बिटकॉइन चोराच्या स्वतःच्या वॉलेटमध्ये असेल तर जगातलं कुणीही तो गोठवू शकत नाही, प्रायव्हेट की हातात आल्याशिवाय तो हलत नाही. पण टेथर कंपनीचं यूएसडीटी किंवा सर्कल कंपनीचं यूएसडीसी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेले कॉइन, असतील तर ती कंपनी तो पत्ताच बंद करू शकते, आणि पोलिसांच्या सांगण्यावरून करतेही. म्हणून चोरी झालेली चीज कुठली आहे हे तक्रारीत पहिल्या ओळीत लिहा. यूएसडीटी असेल तर एकेक तास मोलाचा आहे, कारण चोर पहिलं काम काय करतो, तर ते बदलून असं काहीतरी घेतो जे गोठत नाही.

दोन उदाहरणं एकमेकांशेजारी ठेवून बघा. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन कंपनीने हॅकर्सना ७५ बिटकॉइन खंडणी दिली. महिन्याभरात एफबीआयने त्यातले ६३.७ परत काढले, कारण त्या पत्त्याची प्रायव्हेट की त्यांच्या हाती लागली होती. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्स्चेंजमधून साधारण १५० कोटी डॉलरचं इथर नावाचं क्रिप्टो गेलं. काही दिवसांत एफबीआयने जाहीर सांगितलं की हे उत्तर कोरियाचं काम आहे, पत्त्यांची यादीसुद्धा छापली. माग लागला, अगदी स्पष्ट लागला. पण गोठवता आला तो अगदी छोटा हिस्सा. चोर जर अशा ठिकाणी बसलाय जिथे कुणाचं वॉरंट चालत नाही, तर नकाशा हातात असून उपयोग काय.

आता करायचं काय. गेले हे कळलं की पहिलं, वॉलेटमध्ये जे उरलंय ते नवीन वॉलेटमध्ये हलवा, नवीन सीड फ्रेजवर, म्हणजे वॉलेट उघडणाऱ्या गुप्त शब्दांच्या नवीन यादीवर, जुनी फ्रेज आता मेली समजा. दुसरं, ट्रान्झॅक्शन आयडी, चोराचा पत्ता, तारीख आणि वेळ हे कागदावर उतरवा. कागदावर म्हणतोय मी. लोक हल्ली सगळं फोनमध्ये ठेवतात, आणि ज्या फोनमधून चोरी झाली त्यातच चोरीचा पुरावा ठेवतात! हाताने लिहायची सवय गेली हे मला फार लागतं, पण तो विषय पुन्हा कधी. तिसरं, पोलिसांच्या सायबर शाखेत लेखी तक्रार, त्याच दिवशी. आणि ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ती उघडी वही वाचायच्या वेबसाइटवर, कॉइन एखाद्या एक्स्चेंजला पोचलेले दिसले तर त्या एक्स्चेंजलाही तक्रारीच्या नंबरसकट कळवा. ट्रान्झॅक्शन आयडी, पत्ता, तारीख-वेळ. पुन्हा सांगतो, ट्रान्झॅक्शन आयडी, पत्ता, तारीख-वेळ.

आणि एक हात जोडून विनंती. तुमचे पैसे गेल्यावर तुम्हाला मेसेज येईल, आम्ही रिकव्हरी एक्स्पर्ट, तुमचे कॉइन आम्हाला दिसतायत, एवढी फी आधी भरा. कॉइन दिसतायत हे खरंच असेल, अहो ते सगळ्यांनाच दिसतात, वहीच उघडी आहे! दिसणं ही काही विद्या नाही. आधी फी मागणारा, सीड फ्रेज मागणारा, तुमच्या कॉम्प्युटरचा ताबा मागणारा, हा दुसरा चोर आहे. पुष्कळदा तो पहिल्याचाच भाऊबंद असतो, तुमचा नंबर त्याला तिथूनच मिळालेला असतो. माणूस एकदा फसला की लाजेने घरात सांगत नाही, आणि घरात सांगत नाही म्हणून दुसऱ्यांदा फसतो. घरातल्यांनो, तुला अक्कल नव्हती का हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढू नका. त्याला आधी बसवा, पाणी द्या आणि तो कागद लिहायला मदत करा.

जुनी चोरी असेल, चार-पाच वर्षांपूर्वीची, तर आता काही होतं का? होऊ शकतं, पण तुमचं नाव कुठेतरी नोंदलेलं असेल तर. माउंट गॉक्स नावाचं एक्स्चेंज २०१४ च्या फेब्रुवारीत बुडालं, साडेआठ लाख बिटकॉइन गेले म्हणून त्यांनी जाहीर केलं, त्यातले दोन लाख नंतर त्यांच्याच एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. लोकांनी दावे भरले, कागद जोडले, आणि वाट पाहिली. जुलै २०२४ मध्ये बिटकॉइनच्या रूपात वाटप सुरू झालं, दहा वर्षांनी, आणि तेही दावा मंजूर झालेल्यांनाच. तेव्हा जुने ईमेल, खात्याचे स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची बँकेची स्टेटमेंट, काही म्हणजे काही डिलीट करू नका, आणि जिथे तुमचं खातं होतं त्या एक्स्चेंजच्या नावाने कुठल्या कोर्टात दावे मागवलेत का हे सहा महिन्यांनी एकदा बघत राहा. नमस्कार.