जुनापाणीची शिळावर्तुळे

श्रोतेहो, नमस्कार.

नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागलात की शहराच्या वेशीजवळच जुनापाणी येते. तिथल्या माळावर काळ्या दगडांची रिंगणे आहेत, एकदोन नव्हे, सुमारे ३००. ही थडगी आहेत. इसवी सनापूर्वी साधारण १००० ते ३०० या काळात इथे राहणाऱ्या, लोखंड वापरणाऱ्या माणसांची. मोठाल्या दगडांचे कडे करायचे, आत मृताच्या अस्थी आणि सोबतच्या वस्तू ठेवायच्या, वर माती-गोटे भरायचे, अशी त्यांची रीत.

एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने इथली काही वर्तुळे उकरली. पुढे १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर जिल्ह्यातल्याच माहुरझरी आणि नायकुंडला अशाच वर्तुळांची शास्त्रशुद्ध उत्खनने झाली. लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, काळी-तांबडी भांडी, रंगीत दगडांचे मणी निघाले. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली. मला मात्र सर्वांत जवळचा वाटतो तो माहुरझरीचा घोडा. धन्याबरोबर पुरलेल्या त्या घोड्याच्या तोंडावर तांब्याचा साज होता. त्या माणसांनी एक शब्दही लिहून ठेवला नाही. पण जनावर पुरतानाही ते सजवून पुरले, एवढे आपल्याला कळते.

आणि ते कळते, कारण साज घोड्याच्या तोंडाशी होता. तोच तांब्याचा पत्रा मुरमाच्या ढिगात मिळाला असता तर भंगार ठरला असता. कुठली वस्तू कुणाजवळ, किती खोल, कोणत्या थरात, यातूनच सारा इतिहास वाचायचा असतो. जेसीबीचा एक फावडा पडला की ते वाचन कायमचे संपते.

जुनापाणीला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. कायद्याने अशा जागेपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. पण विदर्भातली कितीतरी वर्तुळे शेतात, झुडपात, कुणाच्या तरी सातबाऱ्यावर आहेत. धुऱ्याला दगड हवा, रस्त्याला मुरूम हवा. हाताशी असलेले उचलले जाते. शेतकऱ्याला दोष देऊन काय उपयोग? हे थडगे आहे असे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. सरकारने आधी अशा प्रत्येक वर्तुळाची गावनिहाय नोंद करावी आणि ती ग्रामपंचायतीत लावावी, असे माझे ठाम म्हणणे आहे.

तोवर, नांगराला असे काही लागले तर ते धुऊन-पुसून घरी नेऊ नका. आहे तिथेच ठेवा, फोटो काढा आणि तहसीलदारांना कळवा.