एक-चौदा पाठ, अंदाजपत्रक कोरं

श्रोतेहो, नमस्कार.

सामान्य माणसाला राज्यकारभारातलं, इतिहासातलं, अर्थकारणातलं कितपत कळतं, असं विचारलं की उत्तर बहुधा तयारच असतं: काही कळत नाही. मग कुणीतरी कॉलेजातल्या मुलांना राज्यपालांचं नाव विचारतं, मुलं गडबडतात आणि मोठी माणसं हळहळतात. मला ही परीक्षाच लंगडी वाटते. आपल्या गोव्यातल्या डिचोलीचा किंवा सांग्याचा, लोहखनिज वाहणारा एखादा ट्रकमालक घ्या. राज्यपालांचं नाव त्याला येणार नाही कदाचित. पण '५८ ग्रेड' म्हणजे काय ते विचारा. लोहाचं प्रमाण ५८ टक्क्यांच्या खाली असलेल्या मालावर २०१६ पासून निर्यात शुल्क नव्हतं, मे २०२२ मध्ये केंद्राने ते एकदम ५० टक्के केलं, नोव्हेंबरात मागे घेतलं, हे तो तुम्हाला चहा संपायच्या आत सांगेल. चीनच्या पोलाद कारखान्यांनी हात आखडला की मांडवी नदीतल्या खनिज वाहणाऱ्या बार्जी का उभ्या राहतात, हेही सांगेल. ट्रकचे हप्ते त्यावर फिटत होते ना!

आता त्यालाच दुसरा प्रश्न विचारा. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या खनिजाबद्दल काय सांगितलं? 'कोर्टाने खाणी बंद केल्या' एवढंच उत्तर येईल. खाणी त्याआधीच, सप्टेंबर २०१२ मध्ये, राज्य सरकारच्या आदेशाने थांबल्या होत्या. २०१४ च्या निकालाने लीजांची, म्हणजे खाणींच्या भाडेपट्ट्यांची, मुदत २००७ सालीच संपली होती असं ठरवलं. आणि त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती. विकलेल्या खनिजाच्या किमतीचा दहा टक्के भाग एका कायमस्वरूपी निधीत टाकायचा, म्हणजे जमिनीतलं खनिज संपल्यावर जन्मणाऱ्या पिढीलाही त्यातलं काही मिळेल. हा निधी तुमचा, माझा, शेळ-मेळावली गावातल्या पोराचाही. पण ग्रामसभेत त्याचा हिशेब कुणी मागितल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

म्हणजे आपल्याला कळत नाही असं नव्हे. जे उंबऱ्याला येऊन लागतं ते वकिलापेक्षा चांगलं कळतं. एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, हातात पडला की कब्जेदार कोण, कूळ कोण, 'इतर हक्क'च्या रकान्यात कुणाचं नाव घुसलंय, हे शाळा अर्धवट सोडलेली आजीसुद्धा क्षणात ओळखते. दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराचा हक्क, जमीनमालक भाटकाराची पावती, तिला सगळं पाठ. उंबऱ्याच्या पलीकडे मात्र सगळा कारभार एका माणसाच्या नावावर जमा होतो. तो माणूस म्हणजे आमदार.

त्यालाही कारण आहे. गोव्यात मतदारसंघ चाळीस, आणि एकेका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आत मतदार. एवढ्या लहान जागेत आमदार चवथीला घरी येतो, लग्नाला येतो, बाराव्यालाही येतो. मग रस्ता 'त्याने दिला', नोकरी 'त्याने लावली', नळाला पाणी 'त्याने आणलं'. गृहिणींसाठीच्या 'गृह आधार' योजनेचे महिन्याचे दीड हजारसुद्धा कुणीतरी खिशातून काढून दिल्यासारखे बोलतो आपण. वीज महागली की शिव्या मंत्र्याला. दराचा आदेश संयुक्त वीज नियामक आयोग काढतो, त्याआधी जाहीर सुनावणी होते, तिथे कोणीही जाऊन बोलू शकतो. त्या सुनावणीच्या खुर्च्या कोण भरतं ते विचारू नका. 'मी कर भरत नाही' असं म्हणणारा माणूस बिस्किटाच्या पुड्यावर जीएसटी भरून आलेला असतो.

२०१२ चं पेट्रोल आठवतंय? त्या वर्षी सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला. भाव दणकन उतरला आणि सीमेपलीकडून गाड्या टाकी भरायला येऊ लागल्या. ही गोष्ट सगळ्यांना आठवते. त्याच वर्षी खाणी थांबल्या, महसूल आटला, पुढच्या वर्षांत तोच व्हॅट टप्प्याटप्प्याने परत चढला, हा उत्तरार्ध फार थोड्यांना आठवतो. सवलतीचा फलक लागतो, करवाढीचा लागत नाही. अंदाजपत्रक विधानसभेत मांडलं जातं, वर्तमानपत्रांत पानभर छापून येतं, आणि आपण त्यात दारू आणि गाडी महागली का एवढंच बघतो.

इतिहासाची तर आणखी गंमत. 'गोवा साडेचारशे वर्षं पोर्तुगीजांच्या ताब्यात होता' हे वाक्य आपण १९ डिसेंबरच्या, मुक्तिदिनाच्या भाषणांत इतकं ऐकलंय की ते खोडावं असं कुणाला वाटत नाही. १५१० ते १९६१, हिशेब बरोबर. पण कुणासाठी? तिसवाडी, बार्देश, साष्टी यांच्यासाठी बऱ्याच अंशी खरं. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी, केपे, सांगे, काणकोण हे भाग त्यांच्या हाती आले अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तिथला हिशेब दोनशे वर्षांच्या आसपास. आणि याचा पुरावा आपण दर रविवारी पाहतो. मंगेशीचा देव कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात, का आणली? कारण नदीच्या या बाजूला, अंत्रुजात, तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. देवळाच्या पायरीवर बसून ही कथा मुलांना सांगणारा माणूस त्याच दमात साडेचारशे वर्षं म्हणतो. दोन्ही गोष्टी त्याला ठाऊक असतात, पण शेजारी ठेवून बघितलेल्या नसतात.

जनमत कौलाचंही तसंच. १६ जानेवारी १९६७. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. आमच्या मराठी घरांत तो दिवस अजून हळू आवाजात आठवला जातो, काही घरांत मोठ्या आवाजात. पण खरं कोडं पुढे आहे. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचा झेंडा घेतलेला मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला, त्याचे नेते दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. यावर आजही दोन तऱ्हेचं बोललं जातं. एक, गोंयकार चंचल. दोन, गोंयकार फार हुशार, त्याने प्रश्न आणि पक्ष वेगळे काढले. मला वाटतं, आधी आकडे मांडावेत. फुलाला मिळालेली मतं सुमारे साडेचव्वेचाळीस टक्के होती. दोनच पर्याय असले की एवढ्या मतांवर हरायचं. तीच ताकद मतदारसंघांत वाटली आणि समोरची मतं फुटली, की त्याहून कमी मतांवरही बहुमत मिळतं. मगोला ते निम्म्याहून बऱ्याच कमी मतांवर मिळालं. माणसं तीच, मोजायची रीत वेगळी. निवडणुकीचं हे गणित शाळेतल्या नागरिकशास्त्रात शिकवलं असतं तर साठ वर्षांचे बरेच वाद वाचले असते. (सगळे नव्हेत. आपण गोव्यात आहोत.)

आणि शिकायचं मनात आलं तर आपण शिकतो, हेही पाहिलंय. २००६ च्या अखेरीस प्रादेशिक आराखडा २०११ चे, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय करता येईल ते ठरवणारे, नकाशे लोकांनी जमिनीवर पसरले. सेटलमेंट, म्हणजे वस्तीचा पट्टा, म्हणजे काय, ऑर्चर्ड, म्हणजे बागायतीचा पट्टा, कुठे संपतो, आपल्या डोंगराचा रंग कुणी आणि का बदलला, हे पाद्री, पाववाले पोदेर, शाळामास्तर सगळे एकमेकांना समजावू लागले. जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. आज नगरनियोजन कायद्यातली, जमिनीचा पट्टा बदलण्याबाबतची १७(२) आणि ३९अ ही कलमं गावच्या तिठ्यावर नाव घेऊन बोलली जातात. कुणी वर्ग भरवले नव्हते. डोंगर उंबऱ्यापर्यंत आला, म्हणून.

असंच शिकणं पंचायतीच्या जमाखर्चाबद्दल व्हावं, अशी माझी साधी इच्छा आहे. घरपट्टी किती जमली, बांधकाम परवान्यांचं शुल्क किती, सरकारी अनुदान किती आलं आणि किती परत गेलं. ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी भरते, सुट्टी घ्यावी लागत नाही. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे, दहा रुपये, तीस दिवस. देशाचा कायदा २००५ चा. गोव्याने स्वतःचा १९९७ मध्येच केला होता. फक्त एक करा. ग्रामसभेतला प्रश्न लेखी, आणि चार दिवस आधी सचिवाकडे द्या, पोच घ्या. आयत्या वेळी उभं राहून विचारलेल्या प्रश्नाला सरपंच 'बघतो' म्हणतात, आणि इतिवृत्तात तेवढंही लिहिलं जात नाही.

नमस्कार.