न सांगितलेल्या गोष्टींची गाणी

नमस्कार. आवडत्या गाण्यांविषयी बोलताना आपण बहुधा गायकाच्या आवाजाविषयी आणि चालीविषयी बोलतो. आज मी त्या गाण्यांमध्ये काय गाळलेले आहे याविषयी बोलणार आहे. माझ्या आवडीची इंग्रजी लोकगीते आणि पॉप गाणी पुन्हा पुन्हा ऐकताना माझ्या लक्षात आले की, त्यांतली बहुतेक गाणी एखादी महत्त्वाची गोष्ट सांगायचे टाळतात आणि मी त्यांच्याकडे परत वळतो ते प्रामुख्याने त्यामुळेच.

पहिले गाणे 'स्कारबरो फेअर'. सायमन आणि गारफंकल या जोडीने ते 1966 साली आपल्या अल्बममध्ये गायले आणि पुढे चित्रपटामुळे ते जगभर पोहोचले. पण त्याचे मूळ सतराव्या शतकात छापलेल्या एका कथागीतापर्यंत मागे जाते. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकात 305 कथागीतांचा जो संग्रह सिद्ध केला, त्यात हे कथागीत दुसऱ्या क्रमांकावर आहे. त्यात एक मायावी सरदार एका मुलीला अशक्य कामे सांगतो आणि ती त्याला तितकीच अशक्य कामे सांगून गप्प करते, म्हणजे तो चक्क एक वाद आहे आणि त्यात हार-जीत आहे. पिढ्यानुपिढ्या गाताना तो सरदार गळून पडला, त्याची माया गेली, हार-जीतही गेली. उरली ती फक्त कामे. टाका न घालता शिवलेला सदरा आणि खारे पाणी व समुद्रकिनारा यांच्या मधली एकरभर जमीन. आज हे गाणे ऐकणाऱ्याला त्या दोघांचे काय बिनसले हे अजिबात कळत नाही. पूर्वी कोणीतरी त्याची प्रिया होती, एवढीच माहिती मिळते, आणि मला ती पुरते.

चालीविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. या गाण्याचे स्वर आपल्या काफी थाटाचे आहेत: गंधार आणि निषाद कोमल, बाकी सारे शुद्ध. दुसऱ्या ओळीत जो शुद्ध धैवत येतो, त्याच्या जागी कोमल धैवत घेऊन एकदा गुणगुणून पाहा. गाणे एकदम रडवेले होते. त्या एका स्वराने त्याचा तोल राखला आहे. सायमनने हे गाणे लंडनमध्ये मार्टिन कार्थी या गायकाकडून ऐकून उचलले, गिटारची मांडणीही बरीचशी त्याचीच होती, आणि अल्बमवर मात्र कार्थीचे नाव नव्हते. पुष्कळ वर्षांनी, 2000 साली, लंडनच्या एका रंगमंचावर दोघांनी ते एकत्र गायले.

गाळण्याची ही प्रक्रिया 'हाऊस ऑफ द रायझिंग सन' या गाण्यात सर्वांत स्पष्ट दिसते. अ‍ॅलन लोमॅक्स या संग्राहकाने 1937 साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, मिडल्सबरो येथे, जॉर्जिया टर्नर नावाच्या खाणकामगाराच्या मुलीकडून ते ध्वनिमुद्रित केले. तिच्या तोंडी हे स्त्रीचे गाणे आहे. न्यू ऑर्लिन्समधल्या त्या घराने जिचा नाश केला ती स्वतः बोलते, आणि माझ्यासारखे करू नकोस असे धाकट्या बहिणीला सांगा, असा तिचा निरोप असतो. बॉब डिलनने 1962 साली आपल्या पहिल्या अल्बममध्ये ते गायले तेव्हाही त्याने बोलणारी स्त्रीच ठेवली. 1964 साली 'द अ‍ॅनिमल्स' या इंग्लिश गटाने मात्र तिचा पुरुष केला. दारुडा प्रियकर गेला, जुगारी बाप आला, आणि धाकट्या बहिणीच्या जागी सगळ्या मुलाबाळांना उद्देशून उपदेश आला. शुद्धतेचा आग्रह धरणारे याबद्दल नाराज असतात, आणि त्यांचे म्हणणे मला निम्मे पटते. स्त्री गात असते तेव्हा ते घर म्हणजे वेश्यागृह असावे असे वाटते आणि तिथून सुटका नसण्याचा अर्थ फार कठोर होतो. पुरुष गाऊ लागला की तो जुगाराचा अड्डा असू शकतो, तुरुंग असू शकतो, नुसते दारूचे दुकानही असू शकते. पण नीट पाहिले तर त्या घरात नेमके काय चालते हे मूळ गाण्यानेही सांगितलेले नव्हते, आणि म्हणूनच ते इतक्या सहजपणे दुसऱ्याच्या तोंडी बसले. शिवाय हिल्टन व्हॅलेंटाइनच्या गिटारवर एकेक स्वर सुटा करून वाजणारी ती सुरुवात आणि अखेरीकडे चढत जाणारा ऑर्गन यांच्यापुढे माझी तक्रार फार वेळ टिकत नाही. एकाच प्रयत्नात मुद्रित झालेले ते गाणे साडेचार मिनिटांच्या आसपास आहे, जे तेव्हाच्या रेडिओच्या मानाने फारच लांब होते.

रेडिओची ही अट पॉप गाण्यांच्या बाबतीत महत्त्वाची आहे. दहा इंची जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत, आणि तबकड्या बदलल्या तरी ती सवय राहिली. लोकगीताची कडवी अनेक तोंडांतून जाताना झडली, तर पॉप गाण्याच्या कर्त्याला ती घड्याळाकडे पाहून स्वतःच झाडावी लागली. सगळ्यांना हे जमत नाही. पुष्कळ जण कडवी कमी करून उरलेली जागा ध्रुवपदाच्या पुनरावृत्तीने भरून टाकतात.

ज्यांना जमले त्यांच्यात मी बीटल्सचे 'एलेनॉर रिग्बी' अव्वल मानतो. तेही 1966 सालचेच, तेही बऱ्याच अंशी काफीच्या स्वरांत फिरणारे, आणि जेमतेम दोन मिनिटांचे. साथीला फक्त आठ तंतुवाद्ये आहेत. चौघांपैकी कोणीही त्यात वाद्य वाजवलेले नाही. पहिल्या कडव्यात चर्चमध्ये लग्नानंतर सांडलेला तांदूळ वेचणारी एक बाई दिसते, दुसऱ्यात कोणी ऐकणार नाही असे प्रवचन लिहिणारा आणि रात्री मोजे रफू करणारा पाद्री, आणि तिसऱ्यात ती मरते तेव्हा तिला पुरणारा तोच असतो. त्यांची ओळख होती की नाही, ती एकटी का राहिली, यावर एक शब्दही नाही. बीटल्सच्याच 'यस्टर्डे'मध्येही प्रेयसी का निघून गेली हे तिने सांगितले नाही, असे गाणारा स्वतःच म्हणतो आणि गाणे तिथेच थांबते. या जागी कारण देणारे कडवे कोणी घातले असते तर मी ते गाणे दुसऱ्यांदा ऐकले असते का, याची मला शंका आहे.

मात्र गाळण्याचे गोडवे गाताना एका गाण्यापाशी मी अडखळतो. दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडाने 1939 साली जोहान्सबर्गमध्ये 'मबूबे' हे गाणे आपल्या साथीदारांसह मुद्रित केले, आणि अखेरच्या भागात त्याने ऐनवेळी एक तान उत्स्फूर्तपणे घेतली. 1961 साली अमेरिकेतल्या 'द टोकन्स' या गटाने जे इंग्रजी गाणे पहिल्या क्रमांकावर नेले, त्याची चाल म्हणजे तीच तान. 'द लायन स्लीप्स टुनाइट' तुम्ही नक्कीच ऐकले असेल. इथे गळाले ते कर्त्याचे नाव आणि त्याच्या हक्काचे पैसे. लिंडा 1962 साली गरिबीत वारला, आणि त्याच्या वारसांना न्यायालयीन दाव्यातून तडजोड मिळायला 2006 साल उजाडले. लोकगीत कोणाचेच नसते, हे वाक्य मला पूर्वी फार सुंदर वाटे. त्याचा वापर कोण कोणाविरुद्ध करतो हे पाहिल्यापासून मी ते जपून उच्चारतो.

आज यातले एकच गाणे ऐकणार असाल तर 'रायझिंग सन' निवडा, आणि क्रम मात्र चुकवू नका: आधी जॉर्जिया टर्नर, मग डिलन, शेवटी अ‍ॅनिमल्स. उलट क्रमाने ऐकले तर त्या ऑर्गनचा आवाज कानांत राहतो आणि केंटकीतली ती मुलगी फिकी वाटू लागते, जे तिच्यावर अन्याय करणारे आहे.